सम्राट, दादा आणि जिन्याखालचं कपाट

सम्राटाने पुन्हा युद्ध पुकारलं तेव्हा मोजणीदार चहात बिस्कीट बुडवत होते. आधी बिस्कीट बुडालं, मग राज्याची पश्चिमेकडची दोन शहरं.

पडद्यावरचा तो दाढीवाला सिंहासनावरून जरासा पुढे झुकला आणि म्हणाला, तुझ्यासारख्या लोभी शेजाऱ्याबरोबर एका आभाळाखाली नांदणं मला शक्य नाही. मोजणीदारांनी कप खाली ठेवला. लोभी! ज्या माणसाने भूमापन खात्यात उभी हयात घालवली आणि त्या हयातीत कुणाच्या बांधाची चिमूटभर माती इकडची तिकडे होऊ दिली नाही, त्याला हा शब्द!

“अगं, तो दाढीवाला मला लोभी म्हणाला,” त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून सांगितलं.

“कोण, औषधवाले?” बायकोने आतून विचारलं. “त्यांच्या दुकानाची पायरी मोजायला गेला असाल पुन्हा.”

तसा तिचा अंदाज अगदीच वावगा नव्हता. निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात, नातवंडं खेळवतात. मोजणीदारांनी टेप बाहेर काढला. वसाहतीच्या सेक्रेटरींची गाडी दुसऱ्याच्या जागेत वीतभर घुसते हे त्यांनी सिद्ध केलं. औषधवाल्याची पायरी रस्त्यावर आलेली आहे हेही सिद्ध केलं. सत्य बोलणाऱ्याला जग नमस्कार करतं आणि रस्ता बदलतं. मोजणीदारांना पाहून लोक रस्ता बदलू लागले, तेव्हा परगावी दातांची डॉक्टर असलेल्या त्यांच्या लेकीने आपला जुना कॉम्प्युटर आणून दिला. त्यात एक खेळ होता. आपण एका टोळीपासून सुरुवात करायची, शतकं लोटत जातात तसतशी गावं वसवायची, राज्य वाढवायचं. बाकीचे राजे कॉम्प्युटर चालवतो. “बाबा, इथे हवी तेवढी जमीन मोजा,” ती म्हणाली होती. “कुणी भांडायला येणार नाही.”

दातांची पारख तिला चांगली होती, माणसांची बेताची.

भांडायला सम्राट आला. तो पश्चिमेचा शेजारी. मोजणीदारांनी आपली गावं वसवली ती थेट त्याच्या हद्दीला भिडवून, पण नकाशावरचा एक चौकोनही ओलांडला नाही. हद्दीचे दगड रोवावेत तसे सरहद्दीवर किल्ले बांधले. किल्ल्यांत रखवालीला सैन्य ठेवलं. शेजारधर्म म्हणून अधूनमधून घोडे पाठवले, लोखंड पाठवलं. सम्राटाने सगळं ठेवून घेतलं, गोड हसला, आणि दोन पिढ्या गेल्यावर चाल करून आला. तह झाला. पुन्हा घोडे, पुन्हा हसू, पुन्हा चढाई. हरण्याचं मोजणीदारांना एवढं वाटलं नसतं, सरकारी नोकरीत त्याची सवय होते. पण आपलं चुकलं काय, हे त्यांना कळेना. आणि चूक न दाखवता शिक्षा देणारा माणूस, तो कॉम्प्युटरच्या आतला का असेना, त्यांना सहन होत नसे.

त्यांनी सम्राट समजून घ्यायचं मनावर घेतलं.

मनावर घेतलेली गोष्ट मनात ठेवली असती तर पुढचं रामायण टळलं असतं. पण मोजणीदारांनी ती कोर्टातून निवृत्त झालेल्या बेलीफांना सांगितली. बेलीफांचं मत पडलं की नोटीस बजावल्याशिवाय कुठलंच भांडण सुटत नाही. सम्राटाला नोटीस लावायची सोय खेळात नव्हती, म्हणून खेळ बनवणाऱ्या कंपनीलाच लिहायचं ठरलं. बेलीफांनी मजकूर सांगितला: सदर सम्राट यांनी कोणतंही सबळ कारण न दाखवता अर्जदाराच्या मुलखावर वारंवार आक्रमण केलं असून अर्जदाराची मानहानी झाली आहे. कंपनीच्या पानावर तक्रारीचा प्रकार निवडायचा होता. पैसे कापले गेले, पासवर्ड विसरला, पडदा काळा झाला, एवढेच प्रकार होते. मानहानी नव्हती. बराच खल करून दोघांनी ‘पडदा काळा झाला’ हा त्यातल्या त्यात जवळचा प्रकार निवडला. उत्तर लगेच आलं की कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करावा. आपलं समाधान झालं का? नाही, असं कळवलं. तेच उत्तर पुन्हा आलं. पुन्हा नाही कळवलं, पुन्हा तेच आलं. हा कारभार मोजणीदारांना इतका घरचा वाटला की कंपनीबद्दल त्यांना आदरच वाटू लागला.

औषधवाला म्हणाला, देणं वाढवा. राजा असो की तपासणीला आलेला साहेब, हात आखडला की त्याचं तोंड फिरतं. देणं वाढवलं. सम्राट त्याच घोड्यांवर बसून आला. सेक्रेटरींनी सल्ला दिला की वसाहतीच्या सभेत करतात तसं करा, बाकीचे सगळे आपल्या बाजूला ओढा आणि त्याला एकटा पाडा. मोजणीदारांनी चार राजे ओढले. युद्ध झाल्यावर त्यातले तीन सम्राटाच्या बाजूने निघाले, आणि सेक्रेटरी म्हणाले की सभेतही शेवटी असंच होतं.

आता इथे वरच्या मजल्याविषयी सांगणं भाग आहे. मोजणीदारांवर सोपवलं तर ते कधीच सांगणार नाहीत.

घर वडिलांचं, दुमजली. खाली मोजणीदार, वर थोरला भाऊ. दादा छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायचे. शिशाच्या त्या धुळीने म्हणा किंवा नशिबाने म्हणा, त्यांची फुप्फुसं चाळणीसारखी झाली होती. दोघा भावांत बोलणं नव्हतं. वडील गेल्यावर दादा एवढंच म्हणाले होते की धाकट्या, घराचं काय ते एकदा ठरवून टाकू. बसून, बोलून, असा त्यांचा अर्थ असावा. मोजणीदार दुसऱ्या दिवशी साखळी, टेप आणि नकाशाचा कागद घेऊन आले. पाया मोजला, भिंतींची जाडी मोजली, जिना पायरी पायरीने मोजला. त्यांच्या हिशेबाने जिन्याखालची मोकळी जागा तळमजल्याच्या वाट्याला आली. निळ्या शाईत सुबक नकाशा काढून त्यांनी तो दादांसमोर धरला. दादांनी तो पाहिला, घडी घालून परत दिला, आणि वर निघून गेले. ते जे गेले ते गेलेच.

मग आपला हक्क शाबूत राहावा म्हणून मोजणीदारांनी त्या जागेत जुन्या नकाशांचं लोखंडी कपाट आणून ठेवलं. कपाटाला सोबत म्हणून मोडकी सायकल आली, मग तीन पायांची खाट, मग पत्र्याच्या पेट्या. सामान जिन्याच्या तोंडापर्यंत आलं आणि जिना चढायचा तर अंग चोरून चढावं लागे.

“इंचभर तरी चुकलो होतो का मी?” ते वर्षाकाठी एकदोनदा बायकोला विचारत.

“नाही हो,” ती म्हणे. “तुम्ही कुठले चुकायला.” ती हे इतक्या हळू म्हणे की त्यातून समाधान घ्यायचं की नाही, हे त्यांना ठरवता येत नसे.

जावाजावांचं मात्र बोलणं होतं. बायकांना हद्दी पाळून चालत नाही, मीठ संपतं. दादांना इस्पितळातून घरी आणलं तेव्हापासून मोजणीदारांची बायको रोज सुपाचा वाडगा छातीशी धरून, सायकलच्या हँडलला पदर अडकू न देता वर जात होती. देवाच्या दिव्यासारखाच तो तिचा नेम झाला होता. डॉक्टरांनी घरी पाठवताना उपचार सांगितले नव्हते, फक्त त्यांच्या स्वतःच्या खाटेवर राहू द्या म्हणाले होते. याचा अर्थ सगळ्यांना कळला होता आणि कुणी कुणाला तो सांगत नव्हतं.

“एकदा वर जाऊन या,” बायको म्हणाली. “आता फार दिवस नाहीत म्हणतात जाऊबाई.”

“त्याने हाक मारली तर जाईन.”

“भावजींना श्वास पुरत नाही. हाक कुठून मारतील? दाराकडे बघत असतात नुसते.”

मोजणीदारांनी मान वळवली आणि कॉम्प्युटर सुरू केला. सम्राट निदान तोंडाने बोलत तरी होता.

त्या दिवशी त्यांनी लेकीला फोन लावला. ती दवाखान्यात होती, समोर कुणीतरी आ वासून बसलेलं. वडिलांनी काकांची बातमी द्यायला फोन केला असेल या धास्तीने तिने तो उचलला. मोजणीदारांनी सम्राटाची कैफियत मांडली. ती काही वेळ गप्प होती. त्या पेशंटबाई तर गप्पच होत्या.

“बाबा, तो तुमच्यावर रागावलेला नाही,” ती शेवटी म्हणाली. “रागावायला आत कुणी बसलेलंच नाहीये. त्याला तसा लिहिलाय. कुणी हद्दीला येऊन चिकटलं की त्याची मर्जी खाली जाते. हद्दीवर सैन्य दिसलं की आणखी खाली जाते.”

“पण मी एक चौकोनही ओलांडला नाही. नकाशा दाखवू का?”

“तुम्ही बरोबर आहात की चूक, हे त्याला दिसतच नाही, बाबा. त्याला फक्त सैन्य दिसतं. तुम्ही ते मागे घ्या आणि थांबा. नवीन काही केलं नाहीत तर मागचं हळूहळू पुसलं जातं त्याच्यातून.”

“पण मग बरोबर असण्याचा उपयोग काय?”

“थुंका,” ती म्हणाली, पण ते त्या बाईंना. वडिलांना म्हणाली, “काका कसे आहेत?” मोजणीदार म्हणाले, आहेत.

त्यांनी सरहद्दीवरचे किल्ले रिकामे केले. खात्याच्या शिकवणुकीत न बसणारी गोष्ट ते आयुष्यात प्रथमच करत होते. सैन्य मागे घेऊन ते गुमान शतकं उलटवत राहिले. सम्राट काही काळ घुम्यासारखा होता. मग एकदा तो सिंहासनावर मागे टेकून बसला आणि त्याने दूत पाठवला. व्यापाराची वाट खुली करू म्हणाला. त्याला आता घोडेही नको होते.

मोजणीदार बराच वेळ पडद्याकडे बघत बसले. मग उठून दारात गेले आणि जिन्याखालच्या कपाटाकडे बघू लागले.

कुणी म्हणेल, सरळ जिना चढून वर जायचं होतं. पण सरळ वर जाणं त्यांना येत असतं तर ही गोष्टच घडली नसती. त्यांना सैन्य मागे घ्यायचं होतं. बायकोलासुद्धा सांगितलं नाही. ती बाजारात गेल्याचं पाहून ते बेलीफांना आणि औषधवाल्याला घेऊन आले. सायकल निघाली, खाट निघाली, पेट्या निघाल्या. मग कपाट. मोजणीदारांनी कपाट मोजलं, दाराची चौकट मोजली, दोन बोटं जागा शिल्लक राहते असं जाहीर केलं आणि कपाट चौकटीत घातलं. मोजायची राहिली होती ती कपाटाची मूठ. कपाट अडकलं. बेलीफ बाहेरच्या बाजूला, औषधवाला आतल्या, आणि मोजणीदारांचा पाय मधोमध. सेक्रेटरींनी रस्त्यावरून दोघे जण बोलावले. सगळ्यांनी मिळून जोर केला तशी मूठ तुटली, कपाटाचं दार उघडलं आणि अनेक वर्षांच्या हद्दी गुंडाळ्या गुंडाळ्यांनी रस्त्यावर घरंगळत गेल्या.

आता रस्त्यावरून पाहणाऱ्याला काय दिसलं ते पाहा. ज्या घरात एक माणूस शेवटच्या आजारात आहे त्या घराचा जिना घाईघाईने मोकळा करतायत. दारात गर्दी आहे. मोजणीदार पायरीवर बसून, डोकं धरून कण्हतायत. औषधवाला, ज्याच्याकडून दादांसाठी प्राणवायूची नळकांडी जातात, तो आपलं दुकान अर्धं बंद करून इथे उभा आहे. याहून जास्त पुरावा तर कोर्टालाही लागत नाही. समोरच्या घरातल्या बाईंनी रेडिओ बंद केला. कुणीतरी छापखान्यात फोन केला. मोजणीदारांच्या पायाला फडकं बांधून होईपर्यंत छापखान्याचा जुना फोरमन फुलांचं चक्र घेऊन हजर झाला आणि मोजणीदारांचा खांदा दाबून म्हणाला की माणूस सोन्यासारखा होता.

“कोण?” मोजणीदार म्हणाले.

फोरमनला ते दुःखाचं बोलणं वाटलं आणि तो जास्तच रडू लागला.

एवढ्यात गलबला ऐकून वहिनी खाली आल्या. फुलं बघितली, माना खाली घातलेली माणसं बघितली, मोकळा जिना बघितला. दिराकडे एकदा पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. आरडाओरड केली असती तर बरं, असं मोजणीदारांना वाटलं. कुणीही शहाणा माणूस अशा वेळी काहीतरी खुलासा करतो. मोजणीदारांनी तोंड उघडलं, पण खुलाशाची सुरुवात सम्राटापासून करावी लागणार होती.

वर दार करकरलं.

जिन्याच्या माथ्यावर दादा उभे होते. नाकात नळी, अंगावरचा सदरा दुसऱ्या कुणाचा असावा तसा सैल. भिंत धरून ते सगळ्यात वरच्या पायरीवर बसले. फोरमनने हातातलं फुलांचं चक्र पाठीमागे लपवलं, पण ते त्याच्यापेक्षा रुंद होतं. दादांनी खालची सगळी माणसं पाहून घेतली. श्वास गोळा करायला त्यांना वेळ लागत होता आणि तेवढा वेळ कुणी हललं नाही.

“जिना मोकळा केलास, धाकट्या.”

इतक्या वर्षांनी दादा भावाशी बोललेलं हे पहिलं वाक्य. मोजणीदारांनी नुसती मान हलवली.

“मोजून घेतलंस ना? वळणावर... मी आडवा मावेन?”

रस्त्यावर कुणीतरी खाकरलं. हा टोमणा आहे हे लहान पोरालाही कळलं असतं. पण चाळीस वर्षांची नोकरी हाडांत मुरलेली असते. मोजणीदारांची नजर आपोआप वळणाकडे गेली, कठड्यावरून भिंतीकडे फिरली, आणि त्यांच्या तोंडून जे खरं होतं ते निघून गेलं.

“डोकं आधी काढलं तर मावशील.”

वहिनींनी डोळे मिटले. बेलीफ नंतर सांगत की फाशीची शिक्षा वाचून दाखवतानाही कोर्ट इतकं शांत झालेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. दादा भावाकडे बघत राहिले. त्यांचा खांदा एकदा हलला, मग दुसरा, आणि त्यांना हसू आलं. ते हसू खोकल्यात शिरलं, खोकला आवरेना, चेहरा निळसर झाला. वहिनी वर धावल्या. मोजणीदार दुखरा पाय ओढत त्यांच्या मागून कधी चढले, त्यांचं त्यांनाही कळलं नाही. मोकळ्या जिन्यावरून दोघांना एका वेळी जाता आलं, एवढा उपयोग मात्र झाला.

दादांना खाटेवर निजवलं. श्वास जागेवर आला. मोजणीदार दाराशी उभे होते. खोली लहान होती, खिडकीत औषधाच्या बाटल्या, आणि भिंतीवर वडिलांचा फोटो. तो आपल्या वाट्याला यायला हवा होता, असं मोजणीदारांना सवयीने वाटलं आणि लगेच त्याची लाज वाटली.

“मला तुला... जायची घाई नव्हती करायची,” ते म्हणाले. मग त्यांनी सगळं सांगितलं. सम्राट, किल्ले, घोडे, लेक, सैन्य मागे घेणं. कॉम्प्युटरमधल्या एका दाढीवाल्याची हकीकत आपण मरणाच्या खाटेजवळ उभं राहून सांगतोय, हे त्यांना मध्येच जाणवलं, पण आता मागे फिरायलाही वाट नव्हती. दादा डोळे मिटून ऐकत होते.

“मग? कळलं का त्याला शेवटी?”

“त्याला काही कळत नाही, दादा. तो नुसता लिहिलेला असतो.”

“मला कळत होतं,” दादा म्हणाले.

त्यांनी डोळे उघडले.

“तू ऑफिसला गेल्यावर... मी पण मोजलं होतं. दोरीने. सगळं घर.” ते थांबले. “बरोबर होतं तुझं. तू चुकला असतास तर... मी तेव्हाच माफ करून टाकलं असतं.”

मोजणीदारांनी माफी मागावी तर चूक नव्हती, आणि चूक नव्हती म्हणूनच माफी मागायला तोंड नव्हतं. वहिनींनी खुर्ची आणली आणि भिंतीशी ठेवली. मोजणीदार तिच्यावर नीट पाय जुळवून बसले, कचेरीत साहेबांसमोर बसत तसे.

“एवढ्या लांब कशाला बसलास?” दादा म्हणाले.

त्यांनी खुर्ची थोडी पुढे घेतली.

“अजून.”

खुर्ची खाटेच्या लाकडाला लागली. दादांनी चादरीवरचा हात उचलून भावाच्या गुडघ्यावर ठेवला आणि त्यांना झोप लागली. संध्याकाळी बायको सूप घेऊन वर आली तेव्हा मोजणीदार तसेच बसले होते. पायाला मुंग्या आल्या होत्या, पण गुडघा त्यांनी हलवला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून ते सकाळीच वर जाऊ लागले. खालचा कॉम्प्युटर बंदच राहिला.

त्याच आठवड्यात दादा गेले. सकाळची वेळ होती, ऊन खिडकीतल्या बाटल्यांवर आलं होतं.

या खेपेला मात्र वसाहत सावध होती. एकदा येऊन, रडून, फुलं देऊन परत गेलेल्या लोकांना पुन्हा यायचा संकोच वाटत होता. फोरमनने तर ते चक्र दुकानात परत करून टाकलं होतं. समोरच्या बाईंनी रेडिओ चालू ठेवला, नुसता आवाज कमी केला. खरं काय ते विचारायचं कुणी, यावर बरीच चर्चा होऊन शेवटी औषधवाल्याला फोन करायला लावलं. फोन मोजणीदारांनी उचलला.

“राग मानू नका, साहेब,” औषधवाला म्हणाला. “मागच्या वेळी घोटाळा झाला, म्हणून विचारतो. या वेळी नक्की ना?”

“नक्की.”

“म्हणजे... कुणी सांगितलं, की तुम्ही स्वतः...”

“मी जवळच होतो,” मोजणीदार म्हणाले.